शिकवणी कधी लावायची

बायोलॉजीच्या मॅडमकडे येणारे पालक बहुतेक घाईत असत. एकदा तर एक गृहस्थ सहावीतल्या लेकीचं नाव घालायला आले होते आणि आत्ताच जागा अडवून ठेवा म्हणून हटून बसले होते. त्यामुळे त्या दुपारी दारात उभ्या असलेल्या बाईने जेव्हा विचारलं, "शिकवणी एक वर्ष उशिरा लावली तर चालेल का?" तेव्हा आपल्याच ऐकण्यात काहीतरी गफलत झाली, असं मॅडमना वाटलं.

बाई जेवणाच्या सुट्टीत आली होती. तयार कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती अल्टरेशनची कामं करायची. पँटची लांबी कमी कर, कंबर आत घे, बाह्या आखूड कर. गळ्यातली टेप काढायची राहून गेली होती आणि बाहीला दोन-तीन रंगांचे दोरे चिकटले होते.

"मुलगी कितवीत आहे?"

"दहावीची परीक्षा आत्ताच झाली. डॉक्टर व्हायचं म्हणते."

"मग थांबता कशाला? सुट्टीत सुरू केलं की पेशी, ऊती, सगळं निवांत होतं. वर्षभराने आणलीत तर नुसती घोकंपट्टी करेल बिचारी."

आईने मान डोलावली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तो आनुवंशिकतेचा धडा कधी येतो?"

"शाळेत वरवरच झालेला असतो, खरा अकरावी-बारावीच्या पुस्तकात शेवटी येतो. मी मात्र सुरुवातीलाच घेते. पोरांना भारी आवडतो. घरी जाऊन सगळ्यांचे कान, नाकं, गालावरच्या खळ्या तपासत बसतात."

आईने गळ्यातली टेप काढली आणि बोटांभोवती घट्ट गुंडाळत राहिली. "तो गाळता येईल का?"

मॅडमनी तिला आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं. मग आई बोलली. नवरा मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. त्याच्या दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी होत्या, त्या वाढत गेल्या आणि किडन्या बसल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सासूबाई यातच गेल्या होत्या, मोठे दीरही यातच. हे घराण्यातून चालत येतं. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला ते असू शकतं किंवा नसू शकतं, निम्मं-निम्मं. मुलीला मात्र घरात एवढंच सांगितलं होतं की बाबांच्या किडन्या ब्लडप्रेशरने गेल्या.

"तिची तपासणी?"

"केलेली नाही. हे म्हणतात, कळून करायचं काय. जेवढी वर्षं निर्धास्त जातील तेवढी जाऊ देत."

खालच्या चष्म्याच्या दुकानातलं काच घासायचं मशीन घुरघुरत होतं.

"धडा मी गाळीन हो," त्या शेवटी म्हणाल्या. "पण पुस्तक तिच्याच हातात असणार ना? आणि हुशार पोरं गाळलेलंच आधी वाचतात. माझं एक ऐकाल? हे तिला माझ्या वर्गात, पंधरा-वीस पोरांच्या मधोमध कळू नये. घरी कळू दे. मग पाठवा. दुसऱ्या दिवशी पाठवा नाहीतर सहा महिन्यांनी पाठवा, तिची जागा मी ठेवते."

घरी मुलीला सगळे वकील म्हणत. बोलायला लागल्यापासून तिला कुठल्याही गोष्टीचं कारण लागायचं आणि दिलेलं कारण पटलं नाही की ती दुसरं मागायची. बाबांनीच ते नाव पाडलं होतं. ती डॉक्टर व्हायचं म्हणाली तेव्हाही ते म्हणाले होते, "बरंच झालं, पेशंटच्या तोंडाला तोंड देणारी डॉक्टर कुठे मिळते?"

"मॅडम काय म्हणाल्या?" वकिलाने आल्या आल्या विचारलं.

"जागा बघून सांगते म्हणाल्या," आईने थाप मारली आणि स्वयंपाकाला लागली.

मॅडमच्या क्लासला जाणारी एक मैत्रीण खालच्या मजल्यावरच राहत होती. तिच्याकडून पुस्तक आणून वकील ते चाळत बसायची. आईचा जीव पानापानाला वरखाली व्हायचा. बाबा म्हणाले, "निकाल लागू दे, मग सांगू." निकाल लागला, चांगला लागला. "आता कुठे हसतेय, तिचं कॉलेज सुरू होऊ दे." सायन्सचं कॉलेज सुरू झालं. मग ते म्हणाले, "जरा रुळू दे." स्टिअरिंगला हात लावायला घाबरणाऱ्या कितीतरी माणसांना या माणसाने, पाय हळू उचला, काही होत नाही, मी आहे, असं सांगत रस्त्यावर आणलं होतं. स्वतःच्या लेकीसमोर मात्र त्याची जीभ उचलत नव्हती. आईने एकदा चिडून विचारलं, "मग मी सांगू का?" तर म्हणाले, "नको. माझ्याकडून आलंय, मीच सांगीन."

दर दोन-तीन महिन्यांनी आई त्यांच्या पँटची कंबर आत घ्यायची. दुकानात इतरांच्या कंबरा घेताना तिला काही वाटायचं नाही. घरी मात्र बाप-लेक बाहेर गेल्यावरच ती ते काम करायची.

त्या दिवसांत वकील सकाळी धावायला जाऊ लागली. कोल्ड्रिंक बंद, वेफर्स बंद. आईला वाटलं, वयच तसं आहे, मैत्रिणींचं बघून करत असेल. एका शनिवारी डायलिसिस सेंटरमध्ये सिस्टर कौतुकाने म्हणाली, "मुलगी गुणी आहे हो तुमची. मला विचारत होती, किडनी द्यायला अठरा पूर्ण लागतात ना, मग वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच तपासण्या करता येतील का? वजन किती हवं, बीपी किती हवं, सगळं विचारून गेली."

आई तशीच बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. स्वतःची किडनी द्यायला आई कधीचीच तयार झाली होती, पण तिची जुळली नव्हती. पोरीने ते मनात ठेवलं होतं आणि तेव्हापासून ती स्वतःला तयार करत होती.

घरी आल्यावर आईने बाबांना सांगितलं. ते पलंगावर आडवे होते. डायलिसिसनंतर त्यांना उठवत नसे. त्यांनी डोळ्यांवर हात घेतला.

"उद्या गाडी मागून घेतो," ते म्हणाले.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने चावी दिली. रविवार होता. गोदामांच्या मागे मोठं मोकळं मैदान होतं, नवशिक्यांना ते आधी तिथेच न्यायचे. तिथपर्यंत बाबांनी गाडी चालवली, मग वकिलाला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. त्यांच्या पायाशीही ब्रेक होता. आई मागे बसली.

"अजून लायसन्सचं वय नाही माझं," वकील म्हणाली.

"मैदानाला लायसन्स लागत नाही. पाय हळू सोड."

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा धक्के खात निघाली आणि वकील मोठ्याने हसली. बाबाही हसले. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग त्यांनी आपल्या पायाने ब्रेक दाबला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"माझं काय चुकलं?"

"काही नाही. तुला एक सांगायचंय. मधे प्रश्न विचारू नकोस, नाहीतर मला जमणार नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. समोरच्या काचेकडे बघत, तुटक तुटक. आजीला काय झालं होतं. काकांना काय झालं होतं. आपल्याला काय झालंय. आईला मागून लेकीची फक्त मान दिसत होती आणि स्टिअरिंगवरचे हात. हात हलले नाहीत.

"म्हणजे मलाही असेल."

"असेल किंवा नसेल. सांगता येत नाही. तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तुझ्या वयात काही वेळा तपासूनही नीट कळत नाही."

"आणि नसेल तर? तर देता येईल ना?"

बाबांनी चावी काढून मुठीत धरली.

"सांगा ना. नसेल तर देता येईल ना मला?"

"नसलं तरी मी घेणार नाही," ते म्हणाले. "आज दिसलं नाही आणि पुढे निघालं तर? तेव्हा तुला दोन्ही लागतील. तुझी तुझ्याजवळच राहू दे."

तेव्हा ती रडली. स्टिअरिंगवर कपाळ टेकून, लहानपणी रडायची तशी, तोंड उघडं टाकून. स्वतःबद्दल ती काहीच बोलली नाही. "मग तुम्हाला कोण देणार?" एवढंच म्हणत राहिली. "तुम्हाला कोण देणार मग?"

बाबांनी सुया टोचून टोचून टणक झालेला हात तिच्या पाठीवर ठेवला. आईला पुढे वाकून दोघांनाही धरायचं होतं, पण मधे सीट होती. तिने सीटची पाठच धरून ठेवली.

त्यानंतर घरात मोठं भांडण झालं असतं तर आईला बरं वाटलं असतं. पण वकील भांडली नाही. जेवायला वाढ म्हणाली, बिल भरलंय म्हणाली, बाबांच्या गोळ्या संपत आल्यात म्हणाली. कारण विचारणं तिने सोडून दिलं. सकाळचं धावणंही सुटलं. महिनाभराने आईने भीत भीत क्लासची गोष्ट काढली.

"नाही लावायचा. मी कॉमर्सला जाते. कॉलेजात विचारून आलेय."

"अगं, पण मॅडमनी जागा ठेवलीय."

"दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं."

बाबांनी तिच्या अर्जावर सही केली. नंतर ते आईला म्हणाले, "इतके दिवस थांबलो ते चुकलं, की बोललो ते चुकलं, तेच कळत नाही बघ." आधी सांगितलं असतं तर पोरीने उगाच आस धरली नसती. पण मग ते धावणं, ते गालावर रंग घेऊन सकाळी दार उघडून आत येणं, तेही झालं नसतं.

थंडीत बाबांच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला. हॉस्पिटलात ठेवलं. पहिले काही दिवस ताप उतरायचा, चढायचा. वकील कॉलेजातून थेट तिथेच यायची आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसून हिशेबाची पुस्तकं वाचायची. एका संध्याकाळी ताप उतरला होता, बाबा उशीला टेकून बसले होते. आई त्यांची नखं कापत होती.

"बाबा, एक विचारू?" वकील म्हणाली. किती दिवसांनी तिने असं विचारलं होतं.

"विचार की."

"काकांचं तुम्हाला माझ्या जन्माआधीच माहीत होतं. स्वतःचंही माहीत होतं. मग मला का होऊ दिलंत?"

आईच्या हातातलं नेलकटर थांबलं. तिला वाटलं, आता हे काहीतरी थट्टेवारी नेतील. पण त्यांनी नेलं नाही.

"आम्हाला मूल हवं होतं," ते म्हणाले. "खूप हवं होतं. तेवढंच. दुसरं कारण नाही. तुझा विचार करून केलं असं म्हणालो तर खोटं होईल."

वकील त्यांच्याकडे बघत राहिली. एरवी तिने दुसरं कारण मागितलं असतं. तिने स्टूल पुढे ओढलं, पांघरुणाखाली हात घालून त्यांचे पाय चेपू लागली आणि म्हणाली, "किती गार पडलेत."

त्याच आठवड्यात ते गेले. पहाटे झोपेत ताप पुन्हा चढला आणि मग उतरलाच नाही.

आई थोड्या दिवसांनी दुकानात जाऊ लागली. मागच्या खोलीत मशीनवर बसलं की बरं वाटायचं, कारण तिथे कुणी काही विचारायचं नाही. घरी दोघीच. एकमेकींना सांभाळत, हळू आवाजात बोलत राहायच्या. कॉमर्सची वार्षिक परीक्षा झाली. वकील पास झाली, जेमतेम.

सुट्टी लागल्यावर एक दिवस ती दुकानात आली. असं ती कधी येत नसे. आईच्या मशीनशेजारी कपड्यांचा ढीग सरकवून बसली.

"मी मॅडमकडे जाऊन आले."

आईने मशीन थांबवलं.

"सायन्सला पुन्हा अकरावीपासून बसावं लागेल. वर्ष जाईल. मॅडम म्हणाल्या, जाऊ दे." ती थांबली. "मी त्यांना सांगितलं, तो धडा आधी घ्या. सुरुवातीलाच."

"कशाला गं?"

"मला कळायला हवं, आई. बाबांनी सांगितलं तेव्हा मी ऐकलंच नाही. मला फक्त देता येणार नाही एवढंच ऐकू आलं."

आईने तिचा हात हातात घेतला. तो बापासारखाच होता, लांब बोटांचा. "आणि तुझ्या किडन्यांची सोनोग्राफी?"

"ते मी ठरवीन. अठरा झाल्यावर. कदाचित तेव्हाही नाही. तोवर तू विचारायचं नाहीस. डोळ्यांनीही नाही."

"नाही विचारणार," आई म्हणाली.

शिकवणी सुरू झाली. ज्या दिवशी तो धडा होता, त्या दिवशी दुकान सुटल्यावर आईला घरी जाववेना. ती चष्म्याच्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. वरून मॅडमचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच पोरं हसली. मग बराच वेळ शांत होतं. मग खुर्च्या सरकल्या आणि जिन्यावर पावलं वाजली.

वकील एका मुलीशी बोलत खाली आली. डोळे लाल होते, पण बोलणं चालू होतं. काहीतरी पटत नव्हतं तिला. ती हात हलवून त्या मुलीला सांगत होती, "अगं पण का? दर वेळी निम्मंच का? कारण असेल ना काहीतरी."

आई फ्रेम लावलेल्या काचेच्या कपाटामागे सरकली. दोघी तिच्या समोरून गेल्या. लेक कोपऱ्यावर वळेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग दुसऱ्या रस्त्याने, जरा लांबून, घरी निघाली, म्हणजे लेकीला आधी पोचता येईल.