दलांदाची बातमी

साल्हा जन्मांध होती, आणि दोन वर्षांपूर्वीच्या तापानं तिचे कानही नेले. तेव्हापासून नवराबायकोचं बोलणं चालायचं ते एका जुन्या ब्रेलच्या पट्टीवर. मोंजी कॉम्प्युटरवर टाइप करायचा, पट्टीवर ठिपके उठायचे, साल्हा बोटांनी वाचून मोठ्यानं उत्तर द्यायची. तिच्याशी बोलू शकणारं दुसरं माणूस एकच, तिची धाकटी बहीण दलांदा. ती लहानपणी साल्हाबरोबर ब्रेल शिकली होती आणि ठिपके आपल्या बोटांनी सरळ तिच्या बोटांवर टेकवायची. मोंजीनं ते कधी शिकून घेतलं नाही. पट्टी होतीच ना!

मग जुना कॉम्प्युटर बंद पडला. मोंजीनं नवा आणला, तर तो पट्टीला ओळखच दाखवेना. पट्टी बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. तिच्या जुन्या ड्रायव्हरवर, म्हणजे ती चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, हवी तशी डिजिटल सही नाही, म्हणून नवी विंडोज त्याला उंबरठ्याच्या आत घेईना.

त्या सकाळी साल्हा ओट्याशी बसून मटार सोलत होती. नवऱ्याच्या पावलांनी फरशी हादरली की तिला कळायचं.

"बसलास पुन्हा त्या डब्याला कवटाळून? लग्नाआधी माझ्या मागेसुद्धा एवढा लागला नव्हतास! त्यापेक्षा दलांदाला बोलावून घे. तू नुसता पाठीवर थोपटतोस, मी काय गाढवी आहे?"

तेवढ्यात फोन वाजला. दलांदाचा मुलगा वजदी होता, शेजारच्या मसाकिन गावाहून.

"काका, आई गेली. पहाटे, झोपेतच." तो रडत होता. "दुपारच्या नमाजनंतर नेणार. मावशीला घेऊन या."

"तिला सांगू कसं, पोरा?"

"सांगू नका. तसंच आणा. आईच्या चेहऱ्यावर हात ठेवला की कळेल तिला."

मोंजीला ते पटेना. काही न सांगता नेऊन तिचा हात गार पडलेल्या गालावर ठेवायचा? सख्ख्या बहिणीची बातमी अशी द्यायची? छे! काल दुकानदारानं सही तपासणं बंद करायची युक्ती सांगितली होती. थोड्या वेळात होईल, आपल्या सूसहून मसाकिन कितीसं लांब!

तो बसला. मशीन बंद केलं, चालू केलं, तपासणी काढून टाकली. ड्रायव्हर आत गेला, पण ठिपके उठेनात. पट्टी कॉम्प्युटरच्या कितव्या पोर्टवर जोडली आहे ते हातानं सांगावं लागत होतं. तो एकेक आकडा घालून पाहत राहिला. वजदीचा फोन आला, "निघालात ना?" मोंजी म्हणाला, "निघालोच." दुपारची अजान झाली, ती त्याला ऐकूही आली नाही.

दुपार टळली, तेव्हा एकदम पट्टी खरखरली. ठिपके उठले.

त्यानं धावत जाऊन साल्हाला आणलं, तिचा हात पट्टीवर ठेवला. तिचा चेहरा उजळला. "चालली? शाबास रे माझ्या वाघा!"

त्यानं टाइप केलं, 'दलांदा गेली.'

"कुठं गेली? न सांगता?"

मोंजीनं पुन्हा टाइप केलं, 'वारली. पहाटे.'

साल्हानं ती ओळ पुन्हा वाचली. मग उठली आणि भिंतीवर खुंटी चाचपू लागली. "माझी अंगावर घ्यायची चादर कुठंय? चल. बघतोस काय, चल ना!"

त्यानं तिला दंड धरून परत बसवलं. 'नेलं तिला.'



"तुला कधी कळलं?"

'सकाळी.'

"सकाळी." तिचा आवाज अगदी खाली आला. "आणि तू हे दुरुस्त करत बसलास? उचलून गाडीत घालायचं होतंस मला. तोंडावरून एकदा हात फिरवला असता रे तिच्या, तेवढंच हवं होतं. शब्द कुणाला हवे होते, मोंजी?"

तो टाइप करत राहिला. तिनं हात मांडीवर घेतले होते.

संध्याकाळी मसाकिनला बायकांनी तिला आत नेलं. दलांदाच्या बिछान्यावर ती आडवी झाली आणि उशीत तोंड खुपसलं. मोंजीनं पट्टी आणि कॉम्प्युटर बरोबर आणले होते. ते उशाशी ठेवताना कोपरा तिच्या हाताला लागला.

"हे घेऊन जा," ती म्हणाली. "मी इथंच राहणार आहे."

"किती दिवस?" त्यानं विचारलं, तोंडानंच.

मोंजीनं वायर गुंडाळली आणि अंधार पडायच्या आत एकटाच सूसला निघाला.