खिळ्यावरचा पट्टा

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्या गल्लीला रुपरावची ॲम्बेसेडर रोज सकाळी जागं करत असे. चावी फिरवली की बॉनेटखालून डुकराच्या पिलासारखी किंचाळी निघे. मग रुपराव बायको वच्छलाची कपड्यांच्या साबणाची पिवळी वडी घेऊन जाई, फिरत्या फॅनबेल्टला ती टेकवी आणि किंचाळी थांबे. वडीला मधोमध खाच पडे. त्या खाचेवरून वच्छला रोज बोले.

"पट्टा बदला ना."

"तुटल्यावर बदलतात तो. चालता पट्टा काहून फेकू?"

"अन् रस्त्यात तुटला त?"

"खिळ्यावर आहे ना."

तो खिळा रुपराव टॅक्सी लावत असे त्या स्टँडवरच्या चहाटपरीच्या खांबाला होता. त्यावर एक नवा फॅनबेल्ट टांगलेला असे. तो सगळ्यांचा. ज्याचा तुटला त्याने तो घ्यायचा आणि दुसरा नवा आणून टांगायचा. लांबचं भाडं असलं की सोबत न्यायचा, लागला नाही तर परत आणायचा. कोणी पहारा ठेवत नसे आणि कोणी कोणाला विचारत नसे. स्टँडवरचा सर्वांत जुना चालक ताराचंद रुपरावच्या साबणाची तेवढी थट्टा करी. "आमी गाडी धुतो, हा गाडीच्या पोटाले आंघोळ घालते."

शहात्तरच्या मे महिन्यात वच्छलाच्या भाचीचं लग्न मौद्याला होतं. रुपरावने स्टँडवरून खिळ्यावरचा पट्टा उचलला, डिकीत टाकला आणि दोघं निघाली. लग्नासाठी त्याने गाडी पुसून चकचकीत केली होती. याच गाडीसाठी वच्छलाने मौद्याच्या शेतातला आपला वाटा भाऊ मनोहररावला सोडला होता आणि त्याने दिलेल्या पैशांत ही जुनी गाडी आली होती. आता घर या इंजिनवरच चालत होतं.

कन्हानचा पूल मागे पडल्यावर पुढून फटकन आवाज आला. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला.

"थांबवा."

"डायनमोचा दिवा आहे वं. बॅटरीवर चालते थोडं."

"तो गरमीचा काटा पाहा. वर चढून राहिला."

रुपरावने गाडी बाभळीखाली घेतली. बॉनेट उघडलं तर वाफ अंगावर आली. पट्टा तुटून खाली लोंबत होता. म्हणजे पंखा बंद आणि पाण्याचा पंपही बंद. त्याने डिकीतून खिळ्यावरचा पट्टा काढला, पुलीवर चढवायला ताणला आणि तो त्याच्या हातातच उकलला. आतल्या बाजूला सगळ्या आडव्या चिरा होत्या.

"सडका पट्टा टांगला! कोन्या हरामखोरानं?" रुपराव ओरडला. "त्या ताराचंदाचंच काम. तोंडावर गोड बोलते अन् मागून गळा कापते. आज स्टँडवर जाऊन त्याची गचांडीच धरतो."

वच्छला खाली उतरली. त्याच्या हातात उकललेल्या पट्ट्यातून पिवळी भुकटी सांडली होती. तिने चिमटीत घेऊन वास घेतला.

"ताराचंद पट्ट्याले साबन लावते काय?"

रुपराव बॉनेटकडे वळला.

"बोला. स्टँडवर कोन लावते?"

"दिवाळीत माहा तुटायले आला होता. खिळ्यावरचा नवा घातला. हा तात्पुरता टांगला, मंग आणून..." त्याने हात बाभळीला पुसले. "राहून गेलं. आज उचलतानी ध्यानातच नाही आलं."

"अन् आत्ता ताराचंदाले शिव्या देऊन राहिले!" तिचा आवाज चिरका झाला. "कोनी लेकराले दवाखान्यात नेताना हा घेतला असता त? माही वडी खाल्ली, चालली. लोकाइचा भरोसा खाल्ला तुमी!"

"आता भाषन पुरे. मौदा जवळ आहे. पानी टाकतो अन् हळूहळू नेतो."

"इंजन जळन."

"नाही जळत. वऱ्हाडासमोर पायी जाऊ काय?"

वच्छलाने खिडकीतून हात घालून चावी काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"दे."

"नाही."

"वच्छला, माह्या हातून काही होऊन जाईन."

"होऊ द्या. शेत मी सोडलं. इंजन नाही सोडत."

तो बाभळीला लाथ मारून आला. तासाभराने लहानू नावाचा एक शेतकरी रिकामी बैलगाडी घेऊन आला. त्याने मोटर दोराने मागे बांधली आणि विचारलं, "काय भाऊ, पेट्रोल लय महाग झालं काय?" रुपराव स्टेअरिंग धरून समोर बैलांच्या शेपट्या बघत राहिला.

मांडवापाशी सगळं वऱ्हाड बाहेर येऊन हसलं. मनोहरराव पुढे आला. "वच्छले, याच्यासाठी शेत सोडलं काय वं?"

"इंजन शाबूत आहे, दादा," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी रुपरावने नागपूरच्या बसने मौद्याला दोन नवे पट्टे मागवले. एक गाडीत बसवला, दुसरा डिकीत ठेवायला गेला.

"खिळ्यावर," वच्छला म्हणाली.

"टांगतो ना. तू घरी उतर."

"मलेबी स्टँडवर न्या."

स्टँडवर ती गाडीतच बसून राहिली. रुपरावने नवा पट्टा खिळ्याला अडकवला आणि वळला. चार चालक चहा पीत होते.

"नवा काहून गा?" ताराचंदने विचारलं. "तू नेला तो कुठं गेला?"

रुपरावने गाडीकडे पाहिलं. वच्छलाच्या मांडीवर तो उकललेला पट्टा होता. तो तिने खिडकीतून बाहेर, सगळ्यांना दिसेल असा लोंबत सोडला.

"तो माहाच होता," रुपराव म्हणाला. "दिवाळीपासून. सडका."

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. ताराचंद उठला, त्याने खिळ्यावरचा पट्टा काढला, उलटा वाकवून आतली बाजू इंचाइंचाने पाहिली आणि पुढच्याच्या हातात दिला. त्यानेही तो वाकवून पाहिला. पट्टा चौघांच्या हातांतून फिरून परत खिळ्यावर गेला. आजवर तिथला पट्टा कोणी असा तपासला नव्हता.

रुपराव दार आदळून गाडीत बसला. "झालं समाधान?"

"नाही," वच्छला म्हणाली.

त्याने चावी फिरवली. गाडी आवाज न करता सुरू झाली.