नऊ नंबरचा फाटा

बालमित्रांनो, चहाखान्यासमोर रस्ता ओलांडताना ज्याची ठेच लागते आणि मग जो शिव्या खातो, तो मी. ट्रामचा जुना सांधा. इथे मुख्य मार्गावरून एक फाटा उजवीकडे सुटतो, अडीच किलोमीटर जातो आणि अंधांच्या ब्रश-कारखान्यापाशी संपतो. गाडीने सरळ जायचं की फाट्यावर वळायचं, हे माझ्या दोन पोलादी जिभा ठरवत. आता ठरवत नाहीत. त्या वितळवून चिकटवून टाकल्या आहेत. हे कसं झालं ते क्रमाने सांगतो. मी रागावलेला आहे, पण सनावळी चुकवणार नाही.

दूर उरल पर्वताकडच्या एका ओतशाळेत मी घडलो आणि १९६१ च्या एप्रिलमध्ये इथे बसलो. तेव्हा कारखान्याशेजारी मोठी सूतगिरणी होती. नऊ नंबरची गाडी रेल्वे स्टेशनवरून थेट यायची आणि दर आठ मिनिटांनी माझ्यावरून वळायची. हिवाळ्यात एक बाई रोज पहाटे खराट्याने माझ्यातला बर्फ काढी, तेल घाली. तेहतीस वर्षांत एकदाही मी गाडी अडवली नाही. साहेब लोक तपासणीला आले की बुटाने मला दाबून म्हणत, "पोलाद असावं तर असं."

१९९४ साली गिरणी बंद पडली. आठ मिनिटांची बारा झाली, बाराची पंचवीस. १९९९ मध्ये रविवारची गाडी गेली. २००४ मध्ये संध्याकाळी सातनंतरची गेली. २००८ मध्ये गाडी स्टेशनपर्यंत जायची बंद होऊन बाजारापाशीच थांबू लागली. दर वेळी थांब्यावर तोच कागद चिकटे : "प्रवासी घटल्यामुळे." अरे, तासभर वाट पाहून माणूस चालत निघणार नाही तर काय करील? गाड्या तोडल्या म्हणून माणसं घटली, आणि माणसं घटली म्हणून पुन्हा गाड्या तोडल्या. हे मला लोखंडाला कळत होतं.

बाकीच्या सांध्यांना विजेचं यंत्र बसलं. मी हाताचाच राहिलो. नऊ नंबर चालवणारी झुमराद इथे गाडी थांबवी, नारिंगी जाकीट सावरत खाली उतरे, माझ्यात पहार घाली आणि जोर लावी.

"सरक रे म्हाताऱ्या! माझ्या सासऱ्यापेक्षा हट्टी आहेस!"

थांब्यावर उभा असलेला एर्गाश त्या आवाजावर हसायचा. एर्गाश जन्मांध. वय पन्नाशीचं, राहणार चहाखान्यामागच्या गल्लीत, काम ब्रश-कारखान्यात. गाडी वळली की माझ्या जिभा स्प्रिंगने आपोआप सरळ होत, म्हणून सरळ जाणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर इथे उतरत नसत. त्यामुळे पहार आपटली की ती आपली गाडी, हे त्याला कुणाला विचारावं लागत नसे. एकवीस वर्षं तो असा एकटा कामावर गेला.

"झुमराद ओपा, आज पाच मिनिटं उशीर," तो म्हणे. आमच्याकडे ओपा म्हणजे ताई, अका म्हणजे दादा.

"एर्गाश अका, तुम्हाला घड्याळ दिसत नाही ते बरं आहे. दिसलं असतं तर मला नोकरीवरून काढलं असतंत!"

२०१३ च्या फेब्रुवारीत नवा कागद लागला. फाट्यावरचे प्रवासी मोजायला गुरुवारी माणूस येणार. आकडा कमी भरला तर फाटा बंद.

आता मोहल्ल्याने काय करावं, मित्रांनो? गाडीत बसावं! सकाळी सातपासून जो तो गाडीत बसता तर काम झालं असतं. पण मोहल्ल्याचे वडीलधारे, सगळे ज्यांना ओता म्हणजे बाबा म्हणतात ते मीरवली ओता, बुधवारी संध्याकाळी चहाखान्यात उठून उभे राहिले.

"शहरातून पाहुणा येतोय. उद्या सकाळचा पुलाव आपल्याकडून. मोठी कढई चढवा."

एर्गाश कोपऱ्यातून म्हणाला, "ओता, पुलाव परवा करा. उद्या सगळे गाडीत बसा. तो माणसं मोजायला येतोय."

"अरे, पाहुणा उपाशीपोटी माणसं मोजील आणि आपण गाडीत बसून हवा खाऊ? शहरभर नाक कापायचंय का माझं?"

"पण ओता, माझी गाडी..."

"तुझ्या गाडीसाठीच करतोय हे! एकदा जेवला की आपलं वाईट लिहील का तो? बस, गाजरं चीर."

आणि एर्गाश गाजरं चिरत बसला. सगळा मोहल्ला गाजरं चिरत होता.

गुरुवारी तोल्कीन नावाचा कारकून फळी आणि पेन घेऊन आला. पहिल्या गाडीने फाट्याच्या टोकापर्यंत जाऊन परतला. आत एर्गाश आणि त्याचे कारखान्यातले तीन सोबती. त्याने लिहिलं : चार. तो खाली उतरला तसा मीरवली ओतांनी त्याची बाही धरली. चहाखान्यात दीडशे माणसं बसली होती. फाट्यावरून रोज भाजीला जाणाऱ्या बाया, दवाखान्यात जाणारे म्हातारे, सगळे त्याच्या मानासाठी थांबलेले. त्याला वरच्या जागी बसवलं, मांसाचे तुकडे त्याच्या बाजूला सरकवले.

दुसरी गाडी रिकामी वळली. तिसरी रिकामी वळली. तोल्कीन घास गिळून दर वेळी फळीवर शून्य काढी. खोटं काहीच लिहिलं नाही त्याने! चौथ्या गाडीला झुमराद पहार हातात घेऊन तशीच चहाखान्याच्या पायरीवर गेली.

"काय रे, ही माणसं दिसत नाहीत तुला? रोज ही माझ्या गाडीत असतात. ताटं मोज आणि लिही!"

तोल्कीन खरोखर ओशाळला. "ओपा, तक्त्यात ताटांचा रकाना नाही हो."

"मग डोळ्यांचा आहे का?"

मीरवली ओता रागावले. "झुमराद, पाहुण्याशी असं बोलतात?"

जाताना त्याला दोन रोट्या आणि मनुकांची पुरचुंडी बांधून दिली. एर्गाशला संध्याकाळी हे सगळं कळलं. दुसऱ्या सकाळी तो नेहमीसारखा थांब्यावर उभा होता. ओता मात्र त्या दिवसापासून त्याची वाट टाळू लागले.

तीस मार्चला शेवटची गाडी वळली. दोन एप्रिलला वेल्डिंगवाले आले. बावन्न वर्षांच्या सांध्याला बंद करायला त्यांना वीस मिनिटं लागली. झुमराद आता सरळ मार्गावर असते. माझ्यावरून जाताना ती उतरत नाही, उतरायचं कारणच उरलं नाही.

फाट्याऐवजी मिनीबस दिली, असं कागदावर लिहिलं आहे. मिनीबस कुठेही थांबते, कुठूनही सुटते. पहिल्याच दिवशी एर्गाशने विचारलं, "कुठली रे ही?" "बसा लवकर, अका!" एवढंच उत्तर आलं, आणि तो कबरस्तानाच्या फाटकाशी उतरला. दुपारी परत आला तेव्हा गुडघा सोललेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याजवळ आला. काठीने चाचपून त्याने फाट्याचा डावा रूळ शोधला, काठीचं टोक त्याला लावलं आणि निघाला. अडीच किलोमीटर. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. वर्ष झालं. रूळ त्याला बरोबर दारात नेतो. कोणी हात धरायला आलं तर तो म्हणतो, "राहू द्या, मी गाडीतून चाललोय."

काल रस्तेवाले आले होते. खडूने खुणा करून गेले. सोमवारी फाट्यावर डांबर पडणार आहे.

मित्रांनो, मला दया नको. मला उचलून भंगारात टाका, वितळवा, माझे खिळे करा. रस्ता रुंद करा, गाड्या पळवा. पण उद्या तुम्ही मोठे होऊन कुठल्या कागदावर सही कराल, तेव्हा त्या वाटेने कोण जातं ते आधी तिथे उभं राहून पाहा, एक दिवस नव्हे, आठवडाभर. आणि त्या डांबरवाल्यांपैकी कोणी हे ऐकत असेल, तर त्याला माझं एकच सांगणं आहे : डावा रूळ उघडा ठेव.