पोटुशीसमोर

अक्षयाने तेजूच्या दंडावर रबरी पट्टा ओढून बांधला, कोपराच्या खळगीत बोटाने टिचक्या मारल्या आणि शीर वर यायची वाट बघत राहिली. शीर येत नव्हती. ताप उतरल्यावर अंग जसं गार आणि चिकट होतं, तसा तेजूचा हात झाला होता.

"मूठ आवळा, वहिनी. माझ्यावर राग आलाय असं समजा."

"राग कशाला? मागल्या वेळी पण तुम्हीच घेतलंत. कळलंसुद्धा नाय."

"मग सगळ्यांना सांगा तसं. बाहेर तो नाटे गावचा मच्छीमार बाप्या बसलाय ना, दर्याला भीत नाही आणि माझ्या सुईला बघून घामाघूम झालाय."

तेजू हसली. त्या हसण्यातच सुई आत गेली आणि काळपट लाल रक्त बाटलीत चढू लागलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या मैनाने पदराखाली हात घट्ट धरले आणि सुनेच्या पोटाकडे पाहिलं. सहावा महिना होता.

नवरात्रापासून तेजूला तापाने धरलं होतं. तिन्हीसांजेला थंडी वाजून तो चढायचा, रात्री घाम सुटून उतरायचा आणि दिवसभर कंबर, सांधे ठणकत राहायचे. पालीच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाहिल्या, मग रत्नागिरीला बाई डॉक्टरांकडे धाडलं. लावणीपासून कापणीपर्यंत या भागात कुणालाही ताप आला की आधी लेप्टोचं नाव निघतं. शेतातलं पाणी, उंदरांचं मूत, पायाच्या चिरा. पहिल्या रक्तात काही दिसलं नव्हतं. लवकर घेतलेल्या रक्तात कधी कधी दिसत नाही, परत घेऊ, असं बाई डॉक्टर म्हणाल्या होत्या. म्हणून आज त्यांच्याच दवाखान्याच्या तळमजल्यावर ही दुसरी सुई.

अक्षयाने कापूस दाबला. "आता थोडे प्रश्न. शेतात अनवाणी उतरला होता?"

"उतरले व्हते. लावणीला."

"घरात उंदीर?"

"कुणाकडं नसतात?"

"गुरं?"

"एक गाय हाय."

"यंदा गाभडली-बिभडली नाही ना?"

मैना ताडकन उठली. "ए पोरी! पोटुशी बाई बसलीय समोर. असलं तोंडातून काढतात काय?"

अक्षया थबकली. "चुकलं, मावशी. पण विचारावंच लागतं. गुराचं पोट पडलं असेल तर अजून एक चाचणी लावायची असते. वेगळी. ती आम्ही सगळ्यांना लावत नाही."

तेजू कापसाकडे बघत होती. तिने मान वर केली नाही.

"नाय तसलं काय," मैना म्हणाली. "गाय आटली. बाकी काय नाय."

"बरं," अक्षया म्हणाली आणि बाटली हळूहळू उलटीसुलटी करत आत गेली.

बाहेरच्या बाकावर तेजू भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मैना तिच्या शेजारी ताठ बसून राहिली. रिक्षा लावून आलेला केरू, तिच्या दिराचा मुलगा, दारातच उभा राहिला.

"काकी, रक्त तिचं घेतलं आणि तोंड तुझं उतरलंय."

"गप बस."

गणपती गेले त्याच आठवड्यातली ती पहाट होती. बॅटरी घेऊन मैना गोठ्यात गेली तेव्हा तांबी गाय भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिच्या मागे जे पडलं होतं ते वासरू म्हणण्याजोगं झालं नव्हतं. मैनाने आवाज केला नाही. गोणपाटात गुंडाळून ते तिने फणसाखाली, दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या कडेला पुरलं, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर जांभे दगड ठेवले आणि उजाडायच्या आत विहिरीवर अंघोळ केली. घरात म्हणाली, तांबी आटली. तिचं बसलेलं पोट तेजूला दिसलं असणारच. पण तेजू सावर्ड्याकडची, याच मातीतली. न विचारायचं तिलाही कळत होतं.

मैनाला तिच्या सासूने हे शिकवलं होतं. पोटुशी घरात असेल तर गाईच्या पोटाचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की ते ऐकणारीच्या पोटाला लागतं. आणि मैनाने त्याचा पडताळा स्वतः घेतला होता.

तेव्हा ती तेजूपेक्षा लहान होती. घराला लाइट नव्हती आणि शेजारच्या तुळसाच्या आणि त्यांच्या अंगणामध्ये गडगाही नव्हता, नुसती काट्यांची वई होती. दोघींची लग्नं एकाच वैशाखात झालेली. नदीवर धुणं बरोबर, रानात लाकडांना बरोबर, एकीच्या माहेरचे काजू दुसरीच्या ओच्यात. त्या वर्षी मैनाला दिवस गेले होते. एके सकाळी ती खराटा घेऊन गोठ्याकडे निघाली असताना वईपलीकडून तुळसा ओरडली. सगळ्या वाडीने ऐकलं असेल असं ओरडली: तुमची गाय गाभडलीय! पुढे महिना दीड महिन्याने मैनाचं पोर गेलं. तुळसाच्या तोंडानं खाल्लं, सासू म्हणाली. वईच्या जागी जांभ्याचा गडगा चढला. नंतर संदेश झाला, मोठा झाला, मुंबईला लागला. दोन्ही घरांत लग्नं झाली, माणसं गेली. मैनाचा नवरा गेला त्या दिवशी तुळसा अंगणात येऊन उभी राहिली होती. मैनाने वर पाहिलं नव्हतं.

"तेजस्वी शिगवण!" अक्षयाने काउंटरवरून हाक दिली. "लेप्टो नाही, वहिनी. या वेळीही नाही. मलेरिया, डेंगी पण नाही."

केरूने लगेच मुंबईला फोन लावून मैनाच्या कानाला धरला.

"लेप्टो नाय ना?" संदेशचा आवाज लोकांच्या गलक्यातून येत होता. "सुटलो, आये. मी नुसता बसून व्हतो इथं. तिला घरी ने आता, पेज दे, पडून राहूदे. जाईल ताप."

"व्हय," मैना म्हणाली.

"चला," केरू म्हणाला. "तापाच्या आधी घरी पोचू."

सगळे खूश होते. मैनाने पिशवी उचलली. आता नुसतं निघायचं होतं. काही बोलावं लागणार नव्हतं, आणि बोललं नाही तर पोटातल्याला काही लागणार नव्हतं. तेजू उठली, दोन पावलं चालली आणि तिने काउंटरची कड धरली.

"आये, थांब जरा."

"काय झालं?"

"कंबरेतून कळ आली. खाली ओढल्यासारखं व्हतंय."

मैनाच्या हातातली पिशवी खाली गेली. ती ओढ तिला माहीत होती. ती कशी सुरू होते आणि कुठे जाऊन थांबते, ते अजून तिच्या कंबरेच्या लक्षात होतं. तेव्हाही असाच संध्याकाळी चढणारा ताप, घामाने भिजलेली गोधडी, आणि मग ही ओढ. तिने आजपर्यंत या तीन गोष्टी कधी एका ओळीत ठेवल्या नव्हत्या.

तिने तेजूला बाकावर बसवलं, चपला काढल्या आणि आतलं दार ढकललं.

"मावशी, इथे यायचं नाही," अक्षया म्हणाली. तिच्या हातात मोजे होते.

"तू विचारलंस ना मघाशी. गाईचं."

"काय गाईचं?"

"ते... तसलं झालंय."

"कसलं? नीट सांगा, मावशी. मी अंदाजाने चाचणी लावू शकत नाही."

मैनाने मागे पाहिलं. दार पुरतं लागलं नव्हतं. फटीतून बाक दिसत होता, आणि बाकावरून तेजू सरळ तिच्याकडे बघत होती. मैनाने भिंतीला हात टेकला.

"गाय गाभडली आमची," ती म्हणाली. "गणपती झाल्यावर. सातव्यात."

अक्षयाने पुढचा प्रश्न लगेच विचारला, जणू काही घडलंच नव्हतं. "त्याला हात कुणी लावला?"

"मी पुरलं."

"आणि गोठा कुणी धुतला?"

उत्तर दारातून आलं. तेजू भिंतीला धरून उभी होती.

"मी. सकाळी आये अंघोळीला गेली व्हती. सगळं ओलं व्हतं, मना वाटलं शेणामुताचं. हातानं भरलं, पाणी मारलं." ती थांबली. "नंतर तांबीचं पोट बघितलं. पण आयेला काय बोलू?"

"बसा तुम्ही," अक्षया म्हणाली. तिने आधी वरच्या मजल्यावर बाई डॉक्टरांना फोन केला, मग फ्रिजमधून एक छोटा खोका काढून टेबलावर ठेवला. "परत सुई नको. सकाळचं रक्त आहे. फक्त या औषधाचा गारवा जरा जाऊ दे. गार असताना लावलं तर खोटं दाखवतं."

ते थांबणं मैनाला सोसवेना. वरून नर्स येऊन तेजूला चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेली. मैना मागे निघाली, पण अक्षयाने तिला थांबवलं; वर तिला आत घेणार नव्हते. मग ती तिथेच, दाराच्या फटीत, उभी राहिली.

अक्षयाने पांढऱ्या पत्र्यावर तीन थेंब ठेवले. "हा आजार असलेला, माहीत असलेला. हा नसलेला. आणि हा मधला वहिनींचा." प्रत्येकाशेजारी तिने गडद गुलाबी औषधाचा थेंब टाकला, वेगवेगळ्या काडीने कालवलं आणि पत्रा दोन्ही हातांत धरून झुलवू लागली, सुपात तांदूळ हलवावेत तसा, पण फार हळू. तीन गुलाबी टिकल्या एकसारख्या दिसत होत्या. नाटे गावचा तो बाप्या बाहेर कुणाला तरी विचारत होता, अजून किती वेळ. पत्रा झुलत राहिला. मग पहिल्या टिकलीच्या कडेला बारीक कण धरू लागले, दूध नासताना कडेला फुटतं तसे. तिसरी तशीच राहिली, साफ.

मधली फुटत गेली.

"ब्रुसेला म्हणतात याला," अक्षया म्हणाली. तिने पत्रा खाली ठेवला. "गुरांकडून येतं. ही पहिली चाळणी. पक्कं करायला रक्त पातळ करत करत परत बघायचं, ते उद्यापर्यंत. पण वर आत्ताच कळवते. बाई थांबायच्या नाहीत."

"पोराला?"

"याने पोट पडू शकतं, मावशी. म्हणून तर मी पोटुशी असली की मुद्दाम विचारते."

मैनाने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "नुसतं नाव काढल्यानं नाय?"

"काय?"

"गाईचं. कुणी नाव काढलं, म्हणून..."

"नाव काढल्याने काय होतंय? हात घातल्याने होतं." अक्षयाने पट्टा उचलला. "या, बसा. तुमचंही घ्यायला हवं. पुरलं तुम्हीच ना? मूठ आवळा."

वरून निरोप आला तेव्हा ऊन उतरलं होतं. पोराचे ठोके लागत होते. कळ थांबली होती. औषध आजपासून, लांबलचक, आणि मध्येच सोडायचं नाही. बाकी आठ दिवस गेल्याशिवाय काही सांगत नाही, असं बाई डॉक्टर म्हणाल्या. तेजूला ठेवून घेतलं होतं. मैनाने कपडे घेऊन यायचं होतं, आणि गुरांच्या डॉक्टरला वर्दी द्यायची होती. तांबीचं रक्त काढणार होते. ज्यांच्या गाई तिच्यासोबत चरतात त्यांनाही सांगायचं होतं.

तेजू पलंगावर होती, हातात सलाइन. मैना पायथ्याशी उभी राहिली.

"सांगायला हवं व्हतं मी."

"मी तरी कुठं विचारलं?" तेजू म्हणाली. "जा आये, काळोख व्हायच्या आत. आणि तांबीला हातमोजे घालून वैरण घाल. अक्षयाताईंनी दिलेत पिशवीत."

हातखंबा मागे पडेपर्यंत केरू बोलत होता. मैना बाहेर बघत होती, पण तिला दिसत होती ती वई. पलीकडून धावत आलेली तुळसा, पिठाने भरलेले हात, काट्यांत अडकलेला पदर. एवढी वर्षं तिने तो एकच शब्द ऐकला होता. आज तिला त्याच्या आधीचंही ऐकू आलं. आत जाऊ नको गो मैने, तुळसा म्हणाली होती. आत जाऊ नको, तुमची गाय गाभडलीय. आणि मागून सासू म्हणाली होती, काय ऐकत उभी राहिलीस? गोठा कोण काढणार?

आणि तिने खराटा उचलला होता.

घराशी रिक्षा थांबली. मैना ओटीकडे वळली नाही. अंगण ओलांडून ती फणसाखाली आली, त्या दगडांपासून अंतर राखून उभी राहिली. गडग्यापलीकडे तुळसाची गाय बांधलेली होती, पोटाला चांगलीच भरलेली. तुळसा वाकून अंगण सारवत होती. तिचे केस सगळे पांढरे झालेले मैनाने आज प्रथमच नीट पाहिले.

"तुळसा."

सारवणारा हात थांबला. तुळसाने वर पाहिलं नाही.

"तुळसा, आमच्या बाजूला येऊ नको गो. गाईला पण सोडू नको." मैनाचा आवाज चढला, वाडीला ऐकू जाईल इतका. "आमची गाय गाभडलीय."

मग तुळसा गुडघ्यावर हात देऊन उठली, शेणाचे हात तसेच बाजूला धरून गडग्यापर्यंत आली.

"सुनेनं हात घातला काय?"

"घातला."

"पोर?"

"हाय अजून."

तुळसाने गडग्यावरून मैनाच्या तोंडाकडे पाहिलं.

"हात धुते," ती म्हणाली. "तू कपडे भर. मी येतंय रत्नागिरीला."