चाफ्याच्या पुढचं वळण

मी एक जुनी क्रूझर मोटारसायकल आहे. पसरट टाकी, रुंद हँडल, बुटकी सीट. रत्नागिरीत मला बघायला माणसं थांबतात. पण मित्रांनो, मी तुम्हाला माझ्या रूपाचं नाही, रागाचं सांगणार आहे.

माझा पहिला मालक स्वरूप, जयगडच्या बंदरात कामाला. त्याने मला मिरवायला घेतलं, खाऱ्या वाऱ्यात उघडं टाकलं आणि ऑइल बदलायचं नाव काढलं नाही. पुढच्या ब्रेकची नळी चिरली, तेल ठिबकू लागलं. त्याने दुरुस्ती केलीच नाही. डाग पुसले, टाकीला काळा रंग मारला आणि मला चुलतभावाच्या, धोंडूच्या गळ्यात मारलं.

"दादा, गाडी ठणठणीत आहे," तो म्हणाला. मी मुकी. काय करणार?

जयगडच्या रस्त्याला चाफे गाव सोडल्यावर उताराला एक वळण आहे. तिथे धोंडूने ब्रेक दाबला, तो नुसताच आत गेला. आम्ही दोघं कडेच्या जांभ्या दगडाच्या कुंपणावर, गडग्यावर आदळलो. धोंडूचा डावा गुडघा कायमचा ताठ झाला. स्वरूप भेटायला आला आणि दारातूनच म्हणाला, "दादाला गाडी झेपली नाय." वाडीत तेच पसरलं.

"ही भंगारात द्या," धोंडूची बायको मथुरा म्हणाली.

"नाय. हीच चालवणार. त्याच्या दारावरून चालवणार."

बाबल्याच्या गॅरेजात मी महिनाभर होते. धोंडूचा पाय लांब राहावा म्हणून फूटरेस्ट पुढे सरकवले, गिअर टाचेने पडेल असा केला. हँडल उंच करून मागे ओढलं. जाड फोमची सीट आली, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ आली. वायरिंग, बॅटरी नवी. आणि ब्रेकला स्टीलच्या जाळीची नळी. मी न कुरकुरता राजापूरला जाऊन येऊ लागले. धोंडूची कंबर दुखायची थांबली. राग मात्र दोघांचाही मुरत होता.

एका सकाळी स्वरूप दारात आला. त्याची नवी गाडी बंद पडली होती आणि बंदरात बढतीची मुलाखत होती.

"दादा, जयगडला सोडतोस?"

"बस," धोंडू म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला, की त्याच्या मनातलं मी ओळखलं.

स्वरूप मागे ऐसपैस टेकला. "अशी असती तर विकलीच नसती," म्हणाला. चाफ्याच्या पुढच्या त्याच वळणावर धोंडूने ब्रेक दाबला. मी जागच्या जागी उभी राहिले. समोरच्या थांब्यावर वाडीतली माणसं रत्नागिरीच्या एसटीची वाट बघत होती.

"उतर. ब्रेक गेलेला तुला ठाऊक होता?"

स्वरूपने घड्याळ बघितलं. "होता," तो पुटपुटला. "चल आता."

"मोठ्याने."

"ठाऊक होता, दादा. लपवलं मी."

थांब्यावरच्या माना वळल्या. धोंडूने टाचेने गिअर टाकला. "आता जा चालत. तुझे पाय धड आहेत."

आरशात स्वरूप लहान लहान होत गेला. मला दया आली नाही. इतका सुरेल आवाज माझ्या इंजिनातून कधी निघाला नव्हता.

त्याची बढती हुकली. घरी मथुराने विचारलं, "निवलात का आता?"

"थोडा," धोंडू म्हणाला आणि माझी चेन पुसत बसला.

मित्रांनो, गाडीची निगा राखा. विकायची झाली तर तिचं दुखणं आधी सांगा. यंत्रं माफ करतात असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याने मला विचारलेलं नाही.