पहिली खेप

टँकरच्या इंजिनात बसवायचे नवे कनेक्टिंग रॉड गोणपाटावर ओळीने मांडून झाले होते. निजामुद्दीन मिस्त्री वजनकाट्याच्या सुईकडे पाहत होता. टँकरचा मालक कडुबा रस्त्याकडे.

मुकुंदवाडी स्टेशनमागचे हे गॅरेज एकेकाळी शहराच्या कडेला होते. आता शहर त्याला ओलांडून गेले होते. पलीकडच्या ज्वारीच्या रानात इमारती उभ्या होत्या, आणि पाऊस लागोपाठ हुकल्यामुळे त्यांच्या टाक्या कडुबाच्या टँकरवर भरत होत्या. जास्त पाणी नेता यावे म्हणून त्याने टाकी वाढवली, इंजिनाचा जोर वाढवायला मोठा टर्बो बसवला. तो जोर न सोसून आतले जुने रॉड वाकले. म्हणून हे नवे, घडीव पोलादाचे.

निजामुद्दीनची रीत जुनी. औरंगाबादेतल्या सराफ्यातून मोडीत आणलेल्या, चांदी तोलायच्या काट्यावर तो प्रत्येक रॉड ठेवी आणि सगळ्यांत हलका असेल त्याच्या वजनाला येईपर्यंत बाकीचे घाशी. वजनात फरक राहिला, तर इंजिन कितीही ताकदीचे असो, आतून थरथरत राहते.

"गीताबाईचा फोन आलता," तो म्हणाला. "तू उचलत नाय म्हनून मला केला."

"काय म्हणती आक्का?"

"इचारत व्हती, कडुबाची भाकड म्हैस मेली का काय."

दोघेही हसले. ते हसू फार लांबून आले होते. तरुणपणी दोघे एकाच ट्रकवर होते. सिल्लोडहून सरकी पेंड भरून पाचोडच्या बाजाराला न्यायचे. पाचोडच्या अलीकडे रेडिएटर हटकून उकळायचा. तिथल्या वस्तीवरची गीताबाई आपल्या विहिरीवरून घागर भरून आणायची आणि दटावायची, "आधी ह्या भाकड म्हशीला पाजा, मग तुम्ही ढोसा." निंबाची विरळ सावली, बॉनेटमधून उठणारी वाफ, आणि ओंजळीत विहिरीच्या तळाचा काळोखी गारवा. त्या दुपारींना संपण्याची घाई नसे.

"तिची हीर आटली," निजामुद्दीन म्हणाला. "हपसा बी कोरडा. तू दर गुरुवारी एक खेप टाकायचास. पोळ्यापासून गेला नायस."

"कसा जाऊ, निजामभाई? बिल्डिंगवाले म्हणत्यात, एक दिस चुकलास तर दुसरा टँकर लावू. अन् पाचोड लई लांब. इंजिन दमत व्हतं, तू बघितलंस की."

"आता नाय दमनार. मी बसवतोय ना."

कडुबाने तंबाखू मळता मळता हात थांबवला.

"मी तिला जबान दिलीया," निजामुद्दीन म्हणाला. "गाडी निघाली की पहिली खेप तुझी, म्हनलं."

"कुणाला इचारून? गाडी माझी हाय."

"हौ, तुझीच. म्हनून तर तुला इचारतोय." त्याने काळे हात फडक्याला पुसले. "ती पोरीबाळींना घिऊन सडकेला येऊन बसनार हाय. पहिली खेप कुठं जानार, कडुबा?"

कडुबाने हातातली तंबाखू तशीच झटकून टाकली. पायात चपला सरकवल्या.

"अरे, बोल की!"

पाचोडच्या सडकेला पाठ करून तो इमारतींच्या दिशेने चालू लागला होता.