शालीने शांत झालेलं इंजिन

खळ्यावर दोनशे माणसं उभी होती आणि कुणी खोकतही नव्हतं. मधोमध ट्रॅक्टर, त्याला पट्ट्याने जोडलेलं मळणीयंत्र, आणि यंत्राच्या तोंडापाशी माझा दादा. आठवड्यापूर्वी याच तोंडाने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली होती. त्या दिवशी किल्ली काढली तरी इंजिन थांबलं नव्हतं. उलट चेकाळलं आणि पेंढीबरोबर दादाचा हात आत ओढला गेला.

"यंत्रात जीव असतो, लेकरांनो," ट्रॅक्टरपाशी उभे असलेले, शाल पांघरलेले महाराज म्हणाले. "बाईचा हात लागला की तो कोपतो."

सगळ्यांच्या माना वहिनीकडे वळल्या. अकरा हंगाम त्या इंजिनाची देखभाल तिनेच केली होती. तिच्या हातचा ट्रॅक्टर चालला तोवर बाई कुणाला दिसली नव्हती.

महाराजांनी मंतरलेल्या तेलाची बाटली हवेच्या गाळणीच्या वाटीत रिकामी केली आणि किल्ली फिरवली. इंजिन आधी नीट चाललं. मग चढत गेलं, किंचाळायला लागलं. धुराने ऊन झाकोळलं. महाराजांनी किल्ली काढून उंच धरली. इंजिन थांबेना. मागची माणसं पळाली, पुढची गोठली. तेव्हा महाराजांनी अंगावरची शाल घडी करून हवेच्या नळीच्या तोंडावर दाबली. इंजिन दोनदा गचकलं आणि मेलं.

माणसं महाराजांच्या पायांशी आडवी झाली.

"रोज एक बाटली," महाराज म्हणाले. "आणि बाई घराबाहेर."

दादा वहिनीकडे न बघता म्हणाला, "तू माहेरी जा. मी पेंढ्या भरायला लागतो." त्याने डावा हात पुढे केला. शाबूत होता तो एवढाच.

"जाते," वहिनी म्हणाली. "आधी पट्टा उतरवते. तुम्ही तिकडे सरा."

"बाई, आगीशी खेळू नकोस," महाराज म्हणाले.

"महाराज, आग माझ्या रोजच्या ओळखीची आहे. तुम्ही बसा."

तिने पट्टा उतरवला, नळीवरची शाल काढून सीटवर ठेवली. गाळणीची वाटी काढून रिकामी केली, खुणेपर्यंत साधं तेल भरलं आणि इंजिन लावलं. शहाण्या बैलासारखं चाललं. किल्ली काढली, थांबलं. मग तिने आमच्याच डब्यातलं तेल वाटीत काठोकाठ ओतलं.

"बघा, हे मंतरलेलं नाही."

इंजिन पुन्हा चेकाळलं. तेच किंचाळणं, तोच धूर. तिने किल्ली काढून माझ्या हातात दिली. मग तिने धान्याचं गोणपाट चौघडी करून नळीवर दाबलं. इंजिन मेलं.

"आता सांगा, गोणपाटाला कुणाचा आशीर्वाद आहे?"

तिने वाटी काढून सगळ्यांपुढे धरली.

"वाटीत तेल जास्त झालं की इंजिन ते हवेबरोबर ओढतं आणि डिझेलसारखं जाळतं. किल्ली डिझेल तोडते, हे तेल कसं तोडणार? हवा कोंडली की मरतं. शाल काय, जुनं धोतरही चालेल."

"अविश्वासी घरात मी थांबत नाही," म्हणत महाराज गाडीकडे निघाले. शाल सीटवरच राहिली.

दादा पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत होता. "त्या दिवशी सकाळी," तो म्हणाला आणि थांबला.

"बोला."

"महाराजांची बाटली मीच वाटीत ओतली होती. तुझ्यापासून लपवून. म्हटलं, हंगाम चांगला जाईल."

वहिनी वाटी पुसत राहिली.

मी मात्र बोलणार. वाचणाऱ्यांनो, वाटीवर खूण असते. ती कुणीतरी इंजिन बिघडवून, शिकून केलेली असते. त्या खुणेच्या वर ओतायला कुणी सांगितलं, मग तो भगवी शाल पांघरलेला असो की पांढरी, तर त्याला एवढंच विचारा, का? त्या दिवशी सकाळी दादाने हे विचारलं असतं, तर आज पेंढ्या दोन्ही हातांनी उचलल्या असत्या. आणि त्या बाटलीचा दोष आठवडाभर माझ्या वहिनीने सोसला नसता.